कोरड्या रहाटावरची झोप

ज्याला झोप येत नाही त्याला सल्ला द्यायला सगळं गाव जागं असतं, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. ताप आला तर लोक डॉक्टरकडे जा म्हणतात. पाय मुरगळला तर खाटेवर पड म्हणतात. झोप येत नाही एवढं बोला, की समोरच्याच्या पोटातून एक वैद्य बाहेर पडतो आणि तो तासभर आत जात नाही. मी मुळात तापट माणूस. त्यात झोप नाही. त्या दिवाळीच्या सुमाराला मला कुणी नुसतं ‘कसं काय?’ विचारलं तरी मी त्याच्याकडे असं बघायचो, की तो दुसऱ्या दिवशी वाट बदलून जायचा.

माझ्या आईचा तर निद्रानाश या गोष्टीवर विश्वासच नव्हता. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ एवढं म्हणून ती कूस बदलायची आणि तिसऱ्या श्वासाला घोरायला लागायची. मी एकदा रागाच्या भरात खरोखरच अंगणातला एक धोंडा उशाला घेतला. झोप आली नाहीच, वर मान दोन दिवस एका बाजूला वळलेली राहिली. वर्गातल्या डाव्या बाजूच्या मुलांना वाटलं मास्तर आपल्यावर लक्ष ठेवून आहेत, आणि त्यांचा अभ्यास सुधारला.

मी गावातल्या शाळेत शिकवत होतो. आमची वसईच्या पश्चिमेला वाडी होती. केळी, थोड्या पानवेली, मोगरा, आणि मधोमध विहीर. घरात आई, वडील, मी आणि एक रेडा. विहिरीवर रहाट होता. ज्यांनी रहाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: रेडा डोळ्यांवर झापडं बांधून विहिरीच्या कडेने गोल फिरतो, लाकडी चाकं फिरतात, माळेत ओवलेली गाडगी खालून भरून येतात आणि वर पाटात पाणी ओततात. रेड्याच्या मागे आडव्या दांड्यावर एक फळी असते. त्या फळीवर बसून रेडा हाकायचा असतो. पण आमच्याकडच्या कुठल्याही रेड्याला हाकावं लागत नाही. मागे माणसाचं वजन आहे एवढं त्याला कळलं की तो चालत राहतो. त्यामुळे फळीवरचा माणूस झोपतो. आमच्या भागात तीन पिढ्या अशा झोपल्या आहेत. रहाट कुरकुरतो, पाणी खळखळतं, आपण गोल गोल जातो, आणि काम आपोआप होत असतं. काम चालू असताना झोपण्यात जे सुख आहे ते सुट्टीत झोपण्यात नाही, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

मग एका वर्षी एप्रिलात, ईस्टर झाल्यावर, वडिलांनी विजेची मोटार बसवली. गाडग्यांची माळ काढली, चांगली गाडगी आईने मोगऱ्याची रोपं लावायला घेतली, आणि रहाट नुसता सांगाडा होऊन विहिरीवर राहिला. रेड्याचं काय करायचं हे वडिलांना ठरवता येईना, म्हणून तो गोठ्यात बसून पेन्शन खाऊ लागला. आणि माझी झोप गेली. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी मोटारीचंच नाव सांगत होतो.

त्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीत माझं लग्न ठरलं. मुलगी खाडीच्या बाजूच्या गावातली, पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात भाजी करणाऱ्या घरातली. आम्ही तिच्या घरी गेलो, तिने चहा आणला, माझ्या कपात साखर विरघळली नव्हती म्हणून चमचा आणून दिला, आणि आत गेली. एवढंच. चमचा घेऊन मी घरी आलो. म्हणजे खरंच खिशात घालून आलो, आणि आईला तो पँट धुताना सापडला. मला ती मुलगी हवी होती. इतकी, की आमच्या भागात अशी गोष्ट बोलायची पद्धत नसताना मी ती रेड्याला बोलून दाखवली होती. लग्न नाताळनंतर, जानेवारीत ठरलं.

तोवर उपाय चालू होते. आईने दुधात जायफळ उगाळून दिलं. जायफळ जरा जास्त झालं आणि मी दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात गंगा नदी अरबी समुद्राला नेऊन मिळवली. काशाच्या वाटीने तळपायांना तेल चोळून झालं; खाटेवरून उतरताना मी घसरलो आणि वाटीवरच आपटलो. माझ्या मावशीने सांगितलं, रोझरीची माळ जपत पड, तिच्या पाच रहस्यांपैकी, म्हणजे पाच भागांपैकी, तिसऱ्याच्या आत डोळा लागतो. पण प्रार्थना अर्धवट टाकून झोपणं पाप की पुण्य, या शंकेने मी पाचही रहस्यं पुरी करून शेवटच्या आमेनला टक्क जागा असायचो. शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला सायकलवर डबलसीट बसवून पार वालीवपर्यंत नेलं. तिथे म्हणे एक माणूस झोपेचं चूर्ण देत होता. चूर्णाने मला शिंका सुरू झाल्या. परतीच्या वाटेवर मागे बसून मी इतका शिंकत होतो, की सहकाऱ्याला घंटी वाजवावी लागली नाही. शेजारच्या काकांनी माडी सुचवली. ती प्यायल्यावर मला झोप आली नाही, पण मी सुरेख गातो असा माझा समज झाला. तो समज शेजाऱ्यांनी फार वेळ टिकू दिला नाही.

शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर मला वाटलं, मोटारीने नेलेली झोप रहाटच परत देईल. मी रेड्याला गोठ्यातून काढलं, झापडं बांधली, रहाटाला जुंपलं आणि फळीवर बसलो. गाडगी नव्हती, पाणी नव्हतं, पाट कोरडा होता. रेड्याने एकदा मान हलवली आणि चालू लागला. दुसऱ्या फेरीला माझा डोळा लागला.

मग मी रोज दुपारी तेच करू लागलो. रेड्यालाही बरं वाटत असावं. निवृत्त माणसाला जुन्या ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसवलं की तो कसा छाती काढतो, तसा तो चालायचा. वडील बघायचे आणि केळीत शिरायचे. माझ्यापुरती मी ही खाजगी गोष्ट समजत होतो. पण वाडीला कुंपण निवडुंगाचं, आणि निवडुंगातून दिसतं.

आता लग्नाची आमची पद्धत सांगायला हवी. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे सामुदायिक उपासनेच्या वेळी नवरा-नवरीची नावं जाहीर करतात आणि फादर विचारतात, या लग्नाला कुणाची हरकत आहे का. असल्यास येऊन कळवावी. नवऱ्याच्या चर्चमध्येही विचारतात आणि नवरीच्याही. ही हरकत म्हणजे आधीचं लग्न लपवलं, जवळचं नातं निघालं, अशा तऱ्हेची. पहिला रविवार नीट गेला. माझं नाव ऐकून मागच्या बाकावरची माझीच मुलं खिदळली, त्यांना मी सोमवारी पाढे दिले.

त्याच आठवड्यात शेजारच्या एका काकूंनी निवडुंगातून मला पाहिलं. काकू मनाने चांगल्या होत्या, फक्त पाहिलेली गोष्ट पोटात राहत नव्हती. त्यांनी आपल्या सुनेला सांगितलं, की मास्तर कोरडा रहाट फिरवतो. सून फुलं घेऊन बाजारात गेली, तिथे ती गोष्ट अशी झाली, की मास्तर न दिसणारं पाणी काढतो आणि न दिसणाऱ्या केळींना घालतो. तुळिंजच्या बाजूने आलेल्या एका भाजीवाल्याने ती पुढे नेली. खाडीकडच्या गावात, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासुरवाडीत, ती पोचली तेव्हा मी रोज दुपारी रेड्याला शाळा शिकवत होतो आणि रेडा दुसरीत गेला होता.

दुसऱ्या रविवारी फादरांनी हरकतीचं विचारलं तेव्हा सगळ्या चर्चने एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. मिस्सा संपल्यावर त्यांनी मला चर्चशेजारच्या आपल्या बंगल्यावर बोलावलं. कुणीतरी येऊन सांगितलं होतं, की मुलगा रात्रभर जागा असतो आणि दिवसा त्याच्या डोक्यावर परिणाम होतो. फादरांनी मला शांतपणे समजावलं, की झोप न येणं ही चर्चच्या नियमात हरकत धरत नाहीत; पण मुलीकडच्यांनी पाय मागे घेतला तर ते काही करू शकणार नाहीत. मग काळजीने विचारलं, की कुठेच झोप येत नाही का. मी चिडलेलो होतो, थकलेलो होतो, आणि खरं बोलायची सवय. मी म्हटलं, रहाट सोडला तर फक्त तुमच्या प्रवचनात येते. फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सांगितलं, की मग रविवारच्या दोन्ही मिस्सांना येत जा.

हसण्यावारी नेलं, पण घरी जाताना मी आमच्या वाडीवरून तसाच पुढे निघून गेलो. लग्न मोडलं तर काय, हा विचार मी रात्रभर करत होतो. दुसरी मुलगी मिळाली असती, आई तसं म्हणालीही. मला दुसरी नको होती.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी घरी आलो तर अंगणात एक सायकल उभी, आणि ओट्यावर माझे होणारे सासरे. उंच, भरदार माणूस. त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं रागाने. त्यांनी चहाला नको म्हटलं, पाण्यालाही नको म्हटलं, म्हणजे बोलणं मोडण्याचंच होतं. ते सरळ विहिरीकडे चालू लागले. मी मागे, वडील माझ्या मागे.

“मास्तर,” ते रहाटाकडे बघत म्हणाले, “पानी नाय, गाडगी नाय. ह्यो रहाट कोनासाठी फिरवता?”

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोटार आली, झोप गेली, आणि इथे बसलं की येते. त्यांनी रहाटाचा दांडा हाताने हलवून पाहिला. मग त्यांनी रेडा जुंपायला सांगितलं, चपला काढल्या आणि स्वतः फळीवर चढले. मी खोटं बोलतोय का वेडा आहे, ते बघायचं असेल, असं मला वाटलं. पहिल्या फेरीला ते ताठ बसले होते, कोर्टात बसल्यासारखे. दुसऱ्या फेरीला खांदे उतरले. तिसऱ्या फेरीला मान छातीवर आली आणि त्यांच्या नाकातून असा आवाज आला, की रेडा दचकून थांबला.

रेडा थांबताच सासरे चाळवले. मी धावत जाऊन रेड्याच्या पाठीवर थाप मारली. तो चालू लागला, सासरे शांत झाले. अडचण अशी, की रेड्याला हे वजन ओळखीचं नव्हतं, आणि त्या घोरण्याने तो बुजला होता. मी बाजूला झालो की तो थांबायचा. झोपेतून उठवलेला माणूस काय निर्णय देतो हे मला स्वतःवरून माहीत होतं. तेव्हा मी रेड्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्याबरोबर गोल गोल चालत राहिलो. वडिलांनी थोडा वेळ पाहिलं आणि केळीत शिरले. आईने जेवण झाकून ठेवलं. चार वाजले, पाच वाजले. काकू निवडुंगाशी येऊन उभ्या राहिल्या. मी तोंडावर बोट ठेवलं तेव्हा त्यांनीही ठेवलं. चर्चची संध्याकाळची घंटा झाली तेव्हा मी चालता चालताच क्रूसाची खूण केली. सासरे घोरत होते.

दिवेलागणीला अंगणात माणसं आल्याचा आवाज आला. सासरे घरी परतले नाहीत म्हणून त्यांची मुलगी आपल्या आत्याला घेऊन एस.टी.ने आली होती. आत्याला आईने स्वयंपाकघरात नेलं. ती मात्र विहिरीशी आली. तिने फळीवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता रेड्याच्या दुसऱ्या बाजूने चालू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, की थांबायचं नाही. तिला ते दिसलं.

आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. एक फेरी तशीच गेली. मग मी हळू आवाजात म्हटलं, की तुमच्या कानावर आलं असेल त्यात रेडा दुसरीत गेल्याचं खोटं आहे. ती हसली, पण आवाज न करता. मी ‘तुमच्या’पासून सुरुवात केली होती, पुढच्या फेरीला आपोआप ‘तुझ्या’वर आलो.

“झोप कदीपासून नाय?” तिने विचारलं.

मोटार बसल्यापासून, मी म्हटलं. मोटार कधी बसली, तिने विचारलं. ईस्टरनंतर. मग तिने विचारलं, की मे महिन्यात झोप कशी होती. मी आठवायला लागलो. मे महिन्यात मी दुपारी असा झोपलो होतो, की आंबे उतरवायला आलेल्या माणसांनी मला ओलांडून टोपल्या नेल्या. जुलैत कौलातून पाणी खाटेवर गळत होतं आणि वडिलांनी मला खाटेसकट बाजूला सरकवलं, ते मला सकाळी कळलं. सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा मी मोटारीच्या घरात मेल्यासारखा झोपलो होतो. एवढी साधी बेरीज मला, गणित शिकवणाऱ्याला, सुचली नव्हती.

“गणपतीच्या सुट्टीपासून,” मी म्हटलं.

मग तिने फळीकडे मानेने खूण केली. “आमच्या विहिरीवर इंजिन येऊन तीन वर्सं झाली. बाबा इंजिनाशेजारी खाट टाकून घोरायचे. त्यांची झोप पन गणपतीपासूनच गेली. इंजिनाला शिव्या घालतात रोज.”

म्हणजे दोन गावांत दोन पुरुष एकाच दिवसापासून जागे होते, आणि एक मोटारीला, दुसरा इंजिनाला बोल लावत होता. त्यांना ती जाणार म्हणून झोप नव्हती. मला ती येणार नाही म्हणून. मला हसू आलं. मी तिला सरळ सांगून टाकलं, की मला भीती वाटते, तू नाही म्हणशील.

“मला कोनी इचारलंच नाय अजून,” ती म्हणाली. “चर्चमदी दोन रविवार सगळ्या गावाला इचारलं, हरकत हाय का. मला सोडून.”

ते खरं होतं. आमचं लग्न माझ्या वडिलांनी तिच्या वडिलांना विचारून ठरवलं होतं. त्या दिवशी तिने मला चमचा दिला होता, होकार दिला नव्हता. तो तिच्याकडे कुणी मागितलाच नव्हता, मीसुद्धा. होकार ऐकला नव्हता म्हणून मी चार महिने जागा होतो.

“मग आता इचारा की,” ती म्हणाली.

मी विचारलं. काय शब्दांत विचारलं ते आता आठवत नाही. रेड्याच्या पाठीवरून विचारलं एवढं आठवतं, आणि माझा आवाज चिरकला.

“हो,” ती म्हणाली. “पन हळू बोला, बाबा उठतील.”

आम्ही आणखी दोन-तीन फेऱ्या मारल्या. आता गरज नव्हती, पण मारल्या. मग फळीवरून, डोळे मिटलेलेच असताना, सासरे म्हणाले, “मास्तर, रेडा थांबवा. मला चक्कर येते.”

ते कधीपासून जागे होते हे मी आजवर विचारलं नाही. ते उतरले, पंच्याने तोंड पुसलं, डोळे जरा जास्तच पुसले, आणि माझ्या वडिलांना म्हणाले, की जेवून जाऊ. आईने झाकून ठेवलेलं सगळं पुन्हा गरम केलं.

त्या रात्री मी खाटेवर पडलो आणि रहाट, मोटार, जायफळ काही न लागता झोपलो. उठलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि आई-वडील मिस्साहून परत येत होते. तिसरा रविवार होता. माझ्या लग्नाची शेवटची घोषणा होऊन गेली होती. मी आईवर भडकलो, की मला उठवलं का नाही. तिने मोगऱ्याला पाणी घालता घालता सांगितलं, की चार महिन्यांनी झोपलेल्या पोराला मी फादरांसाठी उठवणार नाही. गावात दिवसभर बातमी होती, की नवरा पळाला.

दुपारी खाडीकडून निरोप आला. तिकडे सासरेही उठले नव्हते आणि त्यांच्या खाटेपाशी कुणाला जाऊ दिलं गेलं नव्हतं. आम्हा तिघांपैकी त्या रविवारी चर्चमध्ये ती एकटीच होती. तिकडच्या फादरांनी हरकतीचं विचारल्यावर तिने म्हणे मान वर करून पुढे, मागे, दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं. कुणाचीच नव्हती.